दारफळणीचं दार

शिपराबाईला परंड्यात कुणी चांगली बाई म्हणत नसे, आणि म्हणावं म्हणून तिनंही कधी बोट हलवलं नाही. खरं नाव सिप्पोराबाई. सिप्पोराबाई शलोमो किहीमकर. पण घरात बाई अडलेली असताना एवढं नाव तोंडात मावत नाही, म्हणून गावानं तिची शिपराबाई करून टाकली. हाताला यश असलेली सुईण, पण तोंडाची अशी फटकळ, की कळा सोसणारीला कळांपेक्षा तिचाच धाक जास्त. "वरडू नको. वरडून प्वार भाईर येत न्हाय. त्यो दम खाली लाव." सासू मध्ये बोलली की सासूला बाहेर, नवरा दारात रेंगाळला की त्याला पाणी आणायला विहिरीवर. पोर हातात आलं की मात्र ती गप्प व्हायची. त्याला पुसायची, आईच्या कुशीत द्यायची आणि हात धुऊन निघायची. चहालासुद्धा थांबायची नाही.

तिचे लोक अलिबागेकडचे, बेने इस्राएल. नवरा शलोमोजी परंड्याच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आला, म्हणून त्याच्यामागं ती आली. तो विषमज्वरानं गेला आणि ती एका पोराला घेऊन इथंच राहिली. पोराचं नाव हस्केल, गल्लीचा हसू. अख्ख्या तालुक्यात यहुद्यांचं हे एवढंच घर. लोक विचारायचे, "बाई, तुमी कोन लोक?" ती म्हणायची, इस्राएल. "म्हंजे मुसलमानातले?" न्हाय. "मग किरिस्ताव?" त्यावर ती कंबरेवर हात ठेवायची. "तुझी बायकू सोडवायला बोलावलंयस का सोयरीक जुळवायला?"

धर्म म्हणजे तिच्यापाशी सासूनं कानात घातला तेवढाच. पोथी वाचता येत नव्हती. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत ती काचेच्या टांगत्या दिव्यात पाणी भरायची, वर करडईचं तेल सोडायची आणि वात लावायची. मग डोळ्यांवर हात धरून शेमा म्हणायची. ऐक इस्राएला, आपला देव एकच. दाराच्या चौकटीवर एक बोटभर नळी ठोकलेली होती, तिच्यात देवाचं वचन लिहिलेला कागद. येताजाता ती नळीला हात लावून बोटं ओठांना लावायची. गल्ली त्याला शिपराबाईचा ताईत म्हणायची. शनिवारी विस्तवाला हात लावायचा नाही, म्हणून चूल पेटवायला शेजारची अजीजाबी यायची. भिंतीला भिंत लागलेली दोन घरं. अजीजाबी चूल पेटवायची, चहा टाकायची आणि म्हणायची, "तुमचा अल्ला सुट्टी घेतो, आन काम मला लावतो." दोघी हसायच्या. तेवढं हसणं शिपराबाईच्या वाट्याला होतं.

आणि वर्षातून एक दिवस ते दार बंद असायचं. दारफळणीचा सण. आदल्या दिवशी ऊन उतरायच्या आत अंघोळ, पांढरं लुगडं, जेवण, आणि मग दाराला अडसर. दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, बाहेरच्या माणसाशी शब्द नाही. सासू सांगायची, त्या दिवशी घरातले गेलेले जीव घरी येतात, आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात. मध्येच दार उघडलं तर त्यांना हाकलल्यासारखं होतं. शिपराबाई जगाशी वाद घालायची, पण या एका गोष्टीत तिनं कधी का म्हणून विचारलं नाही.

सदतीस सालच्या दारफळणीला सिदूच्या बायकोला कळा लागल्या. सिदू शेळ्या राखायचा. त्याचं घर गल्लीच्या वळणावर, आणि शेळ्या कोंडायचं कुडाण शिपराबाईच्या परसाला लागून. बायको धुरपदा, पहिलटकरीण, आणि पोर आडवं. सिदू धावत आला. आधी थापा, मग लाथा, मग तो पायरीवर कपाळ टेकून बसला. "शिपराबाई, येकडाव भाईर या. तुमच्या द्येवाला काय सजा करायची ती मला करू द्या." आत ती कानांत बोटं घालून शेमा म्हणत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती उठली नाही. दुपार कलली तसा पायरीवरचा आवाज थांबला. पोर मेलेलं जन्मलं. धुरपदाची कूस पुढं उजवलीच नाही.

गल्लीनं ते गिळलं नाही. दुसरी सुईण नव्हती म्हणून बोलावत, पण नजरेत ते असायचंच. धुरपदा तर तिच्या दारावरून जाताना तोंडावर पदर ओढून पलीकडच्या भिंतीला अंग घासत जायची. शिपराबाई म्हणायची, देवाचा दिवस होता, माझा नव्हता. कुणी विचारलेलं नसतानाही म्हणायची.

मग रझाकारांचे दिवस आले. सत्तेचाळीसचा पावसाळा संपला आणि माणसं बोचकी बांधून निजामाच्या हद्दीपलीकडं जायला लागली, कुणी बार्शीला, कुणी कुर्डुवाडीला. खाकी कपड्यातली पोरं भाले घेऊन बाजारातून फिरायची, कुणाचं धान्य उचलायची, कुणाला चौकात उभं करून मारायची. शिपराबाईकडं दोन्ही बाजूंनी संशयानं बघायचे. नावं आपल्यासारखी आहेत तर ही मशिदीकडच्यांशी का राहत नाही, असं मुसलमानांना वाटायचं. देवळात जात नाही म्हणजे ही मुसलमानांचीच, असं हिंदूंना वाटायचं. आठ दिवसांत दोनदा कुणीतरी तिच्या दारावर शेण फेकलं. कुणी, ते तिला कळलं नाही. ती शिव्या देत देत दार धुवायची आणि धुऊन झालं की नळीला हात लावायची. भीती वाटायची का? वाटायची. पण तिनं भीतीला शुक्रवार ते शुक्रवार अशी बांधून टाकली होती. हसू कुर्डुवाडीला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. दर शुक्रवारी सायकल मारत दिवा लागायच्या आत घरी यायचा. तो अंगणात दिसला, की त्या आठवड्याची भीती फिटली.

अजीजाबीच्या गफारनं खाकी घातली. हा गफार शिपराबाईच्या हातावर जन्मलेला, हसूच्या ताटात जेवून वाढलेला. अजीजाबी भिंतीपलीकडून म्हणाली, "जवान पोरगा है, न्हाय गेला तर घर जाळतील."

"व्हय की," शिपराबाई म्हणाली. "आन गेला तर दुसऱ्याचं जाळील. लई सोय झाली." पण शनिवारी अजीजाबी आली तेव्हा तिनं तिला चूल पेटवू दिली.

अठ्ठेचाळीसच्या मे महिन्यातल्या एका शुक्रवारी हसू आला नाही. दिवा लागला, वात जळून गेली, तो आला नाही. शनिवारी सकाळी एक गाडीवान निरोप घेऊन आला. नाक्यावर रझाकारांनी हसूला अडवून मारलं होतं. कुर्डुवाडीहून येतोय म्हणजे पलीकडच्यांच्या चिठ्ठ्या पोचवत असणार, असा त्यांनी अर्थ लावला. गाडीवानानं पडलेला पोरगा गाडीत घातला आणि कुर्डुवाडीच्या दवाखान्यात नेऊन टाकला. शनिवारी गाडीत बसायचं नसतं, तरी शिपराबाई बसली. हसू तीन दिवस जगला. शेवटच्या दिवशी शुद्धीवर आला आणि म्हणाला, "आई, त्यांनी गफारला इचारलं, ह्याला वळखतोस का म्हून. गफारनं मान हलवली. न्हाय म्हनला."

एवढंच. मारलं दुसऱ्यांनी. गफारनं हातसुद्धा लावला नाही. पण त्यानं "आमच्या शेजारचा है" असं म्हटलं असतं, तर हसू दिवा लागायच्या आत घरी पोचला असता.

कुर्डुवाडीला रेल्वेत चार-पाच यहुदी घरं होती. मेलेल्या माणसाच्या नावानं कद्दीशची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. एक गार्ड, तीन फिटर, पार्सलचे दोन बाबू, असे सहा तिथंच जमले. तिघं सोलापूरहून आले. दहावा दौंडहून मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात बसून आला, अंगावर कोळशाची भुकटी तशीच. गावाबाहेर त्यांच्या लोकांच्या चार कबरी होत्या, त्याशेजारी पाचवी झाली. सुतकाचे सात दिवस बायकांनी शिपराबाईला जमिनीवर बसवून सांभाळलं. कुणी उकडलेली अंडी आणायचं, कुणी डाळभात. उगाच समजूत घालायला कुणी आलं नाही. नुसत्या येऊन शेजारी बसायच्या. तीस वर्षांत पहिल्यांदा ती आपल्या माणसांत बसली होती, आणि तेही यासाठी. तिला याचाच राग आला.

सोलापूरहून आलेल्या तिघांत एक म्हातारे हज्जान होते, प्रार्थना चालवणारे. सातव्या दिवशी ती त्यांना म्हणाली, "ही मला सजा हाय. म्या एका बाईचं प्वार मरू दिलं." आणि धुरपदाची सगळी हकिकत सांगितली.

म्हातारे म्हणाले, "बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं? जीव जात असेल तर सण मोडायचा असतो. शनिवारचा शब्बाथसुद्धा मोडायचा. तसं मोडणं म्हणजेच पाळणं."

शिपराबाईचा तोल सुटला. "आन ह्ये सांगायला तुमी आज आलात? तीस वर्सं म्या तिथं येकटी हाय. येक मानूस आलं न्हाय सांगायला." बायकांनी तिला धरलं. सगळ्यांनी सांगितलं, आता परंड्याला जाऊ नका, इथंच राहा. ती म्हणाली, माझा दिवा तिथं टांगलेला हाय. आणि परत आली.

परत आल्यावर पहिल्या शनिवारी अजीजाबी चूल पेटवायला दारात उभी होती. डोळे सुजलेले. शिपराबाईनं दाराला आडवा हात लावला. "पुन्यांदा हा उंबरा चढू नको." त्यानंतर पाच महिने शनिवारी तिची चूल पेटली नाही. शिळी भाकरी आणि पाणी. भिंतीपलीकडं भांडं वाजलं तरी तिचं टाळकं सणकायचं.

सप्टेंबरात हिंदी फौज आली. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. गेलेली माणसं परत आली, गुढ्या उभारल्या, पेढे वाटले. आणि मग फेरा उलटा फिरला. जे खरे रझाकार होते ते आधीच पळाले होते. गफारही पळाला होता, कुठं ते आईलाही ठाऊक नव्हतं. मागं राहिले ते पिंजारी, विणकर, भाजी विकणारे, ज्यांनी कुणाला दगडसुद्धा मारला नव्हता. आता त्यांच्या दारांवर थापा पडायला लागल्या. आसपासच्या खेड्यांतून कुऱ्हाडी घेऊन माणसं यायची. हिशेब चुकता करायचा म्हणायची, आणि समोर सापडेल त्याच्याकडून करायची.

शिपराबाईला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? अजीजाबीच्या घरातून रडणं ऐकू आलं, की ती भाकरी जरा जास्तच जोरात थापायची. गफारची बायको फरिदाबी आठ महिने भरलेली, एकोणीस-वीस वर्षांची पोर. ती विहिरीवर येईनाशी झाली, तेही शिपराबाईनं पाहिलं, आणि मनात म्हणाली, कळू दे.

ऑक्टोबरच्या मध्याला दारफळणी आली. तिनं घाऱ्या तळून शिळ्या सणासाठी झाकून ठेवल्या, अंघोळ केली, पांढरं लुगडं नेसली आणि दाराला अडसर घातला. जमिनीवर पांढरी चादर अंथरली, दिव्यात दुप्पट तेल घातलं. आज शलोमोजी येणार होता. आज हसू येणार होता. पाच महिने ती याच दिवसाची वाट बघत होती. सगळी रात्र ती दिव्याखाली बसून राहिली, आणि तिला खरंच वाटत होतं की कोपऱ्यात, सायकल टेकवायचा त्या जागी, तो उभा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली ओस होती. ज्यांना भ्यायचं होतं ते घरांत होते, आणि बाकीचे बाजारात गर्दी करून उभे होते. दारावर टकटक झाली. थाप नव्हे, नखांनी वाजवावं तशी.

"बाई," अजीजाबी दाराच्या फटीला तोंड लावून बोलत होती. "आज तुमचा दिवस है, म्हाइत है मला. फरिदाला सकाळपास्नं कळा लागल्यात. बाजारात मान्सं जमल्यात, आमचं घर इचारतायत. गफारचं घर म्हून."

शिपराबाई हलली नाही.

"तुमच्या पोराचं खून आमच्या अंगावर है. म्या न्हाय म्हनत न्हाय. मला मारू द्या त्यांना. पर हिनं काय केलं? पोटातल्यानं काय केलं?" मग आवाज आणखी खाली आला. "म्या लाथा मारनार न्हाय, बाई. हितंच बसते."

दाराबाहेर पायरीवर कुणी बसल्याचा आवाज झाला. आणि तिच्याशेजारी फरिदाबीचं दबलेलं कण्हणं. किती वेळानं कळ येतेय ते शिपराबाईनं न ठरवता मोजलं. बायका अशा कण्हायला लागल्या की किती वेळ उरतो, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. तिनं कोपऱ्याकडं बघितलं. देवा, तुला सगळ्या परंड्यात हेच दार सापडलं? सिदू आला तेव्हा उघडायचं असतं हे मला सांगितलं नाहीस, आणि आता सांगून ठेवलंस, यांच्यासाठी? माझा हसू घरात असताना? तिनं मनातल्या मनात देवाला अशा शिव्या दिल्या, की सासू ऐकती तर तोंडात निखारा घालती. आणि शिव्या देतच तिनं अडसर काढला.

दोघी आत आल्या. तिनं पुन्हा अडसर घातला. अजीजाबी काही बोलायला गेली तेव्हा शिपराबाईनं आपल्या ओठांवर बोट ठेवलं. दार तर मोडलं, निदान तोंड राखू, असं तिनं ठरवलं होतं. तीस वर्षं बाळंतिणींवर खेकसणारी ती बाई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. हातानं दाखवलं, कुठं बस, कधी दम सोड. पांढऱ्या चादरीचं एक टोक पिळून तिनं फरिदाबीच्या दातांत दिलं.

दिवस कलला आणि गल्लीत पावलं आली. बरीच. आधी शेजारचं दार मोडल्याचा आवाज आला, भांडी फेकल्याचा, पेटी फुटल्याचा. "कुनी न्हाय. म्हातारी पळाली." मग कुणीतरी शिपराबाईच्या दारावर काठी हाणली. "ह्यात बघा. भिताडाला भिताड हाय."

काठी पुन्हा पडली. नळी चौकटीवर खुळखुळली. फरिदाबीनं चादर दातांत आवळली, तिच्या कपाळावरच्या शिरा फुगल्या. पोराचं डोकं शिपराबाईच्या बोटांना लागत होतं. आता दहा श्वास. फार तर पंधरा. ते बाहेर आलं की रडणार.

"उघड गं ए," बाहेर नवखा आवाज. "ही पन त्यांच्यातलीच की. नावं बघा की ह्येंची."

आणि मग सिदूचा आवाज आला. अकरा वर्षांत तो या दाराशी आला नव्हता. "सोडा तिला," सिदू म्हणाला. "आज तिचा सन हाय. आज ती दार उघडत न्हाय."

"असं कसं उघडत न्हाय?"

"माजी बायकू तडफडत व्हती तवा म्या ह्या पायरीवर डोकं फोडलं. तवा न्हाय उघडलं तिनं. माजं प्वार मेलं, तरी न्हाय उघडलं. माज्यासाठी उघडलं न्हाय, ती त्या लांड्यांसाठी उघडंल व्हय? चला. दुसरीकडं बघा."

पावलं गेली. शिपराबाईचे हात थांबले नाहीत, ते आपलं काम करत राहिले. पावलं वळणापलीकडं गेली असतील नसतील, तोच पोर बाहेर आलं. मुलगी. तिनं तोंड उघडलं आणि असा टाहो फोडला की अजीजाबीनं दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबलं. शिपराबाईनं पोरीला पांढऱ्या चादरीत गुंडाळलं आणि छातीशी घट्ट धरलं. कुणी आलं नाही. गल्लीतले बहुतेक सगळे बाजाराकडं गेले होते.

चांदण्या दिसल्या तेव्हा तिनं पाण्याचा पहिला घोट घेतला. अजीजाबी तिच्या पायांशी वाकली. शिपराबाईनं पाय मागं घेतले.

"त्ये करू नको," ती म्हणाली. दिवसभरातला तिचा पहिला शब्द. "म्या दार उघडलंय. माफ न्हाय केलं."

"जी," अजीजाबी म्हणाली.

सकाळी शिळा सण. गेलेले जीव परत निघाले, आणि त्या दिवशी ज्यांचं वाईट केलं त्यांच्याकडं जायची रीत. शिपराबाईनं ताटात घाऱ्या घेतल्या, दोघींना आत ठेवून बाहेरून कडी घातली आणि वळणावरच्या घरी गेली. सिदू शेळ्या घेऊन गेला होता. धुरपदा कुडाणात शेण भरत होती. ती वर न बघता म्हणाली, "काल आईकलं म्या."

शिपराबाई कुडाणाच्या तोंडाशीच थांबली.

"भिताडाच्या अल्याड व्हते. प्वार रडलं त्ये आईकलं." तिनं शेणाचे हात तसेच लोंबते ठेवले. "अकरा वर्सं म्या वाट बगतेय तसं रडनं आईकायची. आन आईकलं ते त्यांच्या पोरीचं. तुझ्या घरातनं."

"सिदूला सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू हितं उभी असतीस व्हय?" धुरपदा पहिल्यांदा तिच्याकडं बघून म्हणाली. "ताट ठेव आन जा."

तिनं ताट ओट्यावर ठेवलं. धुरपदा, मला माफ कर, एवढंच बोलायचं म्हणून ती आली होती. ते तोंडातून निघालं नाही. कोणत्या तोंडानं निघणार?

दोन दिवसांनी फौजेची लॉरी आली आणि उरलेल्या मुसलमान घरांतली माणसं सोलापूरला न्यायला लागली. शिपराबाईनं दार सताड उघडलं आणि भर दुपारी दोघींना, पोरीला घेऊन, गल्लीतून चालवत लॉरीपर्यंत नेलं. दारांदारांत माणसं उभी राहिली. सिदूही. लॉरी गेली तेव्हा तो तिच्या वाटेत आडवा आला. त्याच्या हातात काठी होती, पण ती वर गेली नाही.

"माज्या येळंला का न्हाय?" तो म्हणाला.

"तवा मला ठावं न्हवतं."

"काय ठावं न्हवतं?"

"उघडायचं असतंय ते."

सिदू थुंकला आणि निघून गेला. ती घरी आली, चौकटीवरच्या नळीला हात लावला. बोटं ओठांना लावायचा मात्र तिला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ताट पायरीवर होतं. घासूनपुसून लख्ख. घाऱ्या शेळ्यांपुढं टाकल्या नव्हत्या, तेवढं तिनं काल कुडाणावरून वाकून बघितलं होतं. आपल्याकडं दुसऱ्याचं ताट रिकामं परत करत नाहीत. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी ठेवतात. ताटात काहीही नव्हतं. शिपराबाईनं ते उचललं, पदरानं पुन्हा एकदा पुसलं आणि फळीवर ठेवून दिलं. शुक्रवार होता. दिव्यात पाणी भरायचं राहिलं होतं.